दारातली रांग

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर यायला वेळ होता. शेजारी क्लबचा मालक आणि त्याच्याकडे वाजवणारा ड्रमवाला येऊन बसले, तेव्हा शिंपीणबाईंनी कानातला कापूस हळूच काढला. ड्रमवाल्याची बोटं गुडघ्यावर थांबतच नव्हती.

"लोकांना दारातच अर्धा तास थांबवायचं. रांग दिसली की येणारा-जाणारा आपोआप थांबतो."

"आणि आत आम्ही रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवायचं?"

"धीर धर की. काल कोपऱ्यापर्यंत रांग होती."

"कंटाळून घरी गेले सगळे, शेठ."

"जाऊ देत. आधी नाव तर होऊ दे."

"झालं नाव. काल आमचे बाबा आले होते. पाच वर्षांत पहिल्यांदा."

"मग मला दिसले कसे नाहीत?"

"रांग बघून परत फिरले."

"रागावले?"

"छे. आईला सांगत होते, पोराला ऐकायला एवढी माणसं आलीत, मी म्हातारा कशाला कुणाची जागा अडवू?"

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? म्हटलं, बरं केलंत बाबा, आत पाय ठेवायला जागा नव्हती."