तहान नसताना

—नाही, तो फॉर्म राहू दे तुझ्या मांडीवर. ‘आजी, तुम्ही स्वतःची कामं स्वतः करता का?’ — हे काय विचारणं झालं? नाही कोण म्हणेल? माझ्या लेकीनं तुमच्या ऑफिसात कळवलं, म्हातारीला एकटं ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून तू बघायला आलीस. कळतं मला. एकतीस वर्षं मी हेच केलंय, तुमच्याच ऑफिसातून, घरोघर हिंडून. तेव्हा डिग्री होती कुणाकडे? मी तर सातवी नापास. तुमच्या मोठ्या बाईंना गृहभेट शिकवली कुणी? मी! पुढं त्या कॉलेजात तेच शिकवायला लागल्या, आणि मला पात्रता नाही म्हणून घरी बसवलं. निरोपाला हे घड्याळ दिलं. बघू नकोस, बंद आहे.

आणि तू आलीस स्वतःची पाण्याची बाटली घेऊन! इथंच चुकलीस. घरात शिरलं की पाणी मागायचं — तहान नसली तरी. माणूस उठताना कशाला धरतो ते बघायचं. मग बोलत बोलत त्याच्या मागोमाग आत जायचं आणि शेगडीवर हात टेकायचा, सहज, दमल्यासारखा. माणूस खोटं बोलतो, शेगडी नाही बोलत. एक म्हातारा शिंपी होता — दोन्ही वेळ रांधतो म्हणाला, मीठ किती घालतो तेसुद्धा सांगितलंन. शेगडी गार, वर धुळीचा थर. लिहिलं मी तसं. आठ दिवसांत वृद्धाश्रमात. गाडीत बसताना एकच घोकत होता, माझं मशीन तेवढं बरोबर घेऊ द्या. तिथं जागा नव्हती गं मशीनला. मी त्याच्या भल्याचंच केलं. केलं ना?

मी? जेवले की, आत्ताच. गरम गरम.

काय? पाणी? अगं, तुझी बाटली भरलेली आहे समोर! — बरं, बस, मी आणते. थांब, हे टेबल धरू दे जरा — तू कशाला उठलीस? अगं, आत कुठं निघालीस — 

गॅस मीच बंद करून ठेवलाय! दोनदा उघडा राहिला, म्हणून. याला अक्कल म्हणतात, त्याला रकाना आहे का तुझ्या फॉर्मात?

टेकलास हात. वा! पटकन शिकलीस. तुमच्या मोठ्या बाईंना दोन महिने लागले होते.

लिही. तिथं बरोबर काय काय नेऊ देतात, तेवढं नीट विचारून ये. आता नीघ. आणि बाटली विसरू नकोस.