शेजारची खुर्ची

सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीपुढे पाहणीवाल्या बाई पाय बदलत उभ्या होत्या. घरोघरी जाऊन कोण किती गरीब, याचे फॉर्म भरणं हे त्यांचं काम. त्यांच्या पुढे दोघी जावा बोलत होत्या.

"जाऊबाई, तुमचं फुकट औषधाचं कार्ड होतं ना?"

"बंद झालं. आम्ही आता गरिबात बसत नाही म्हणे."

"असं कसं?"

"त्या पाहणीवाल्या बाई आल्या होत्या ना. त्यांनी खुर्ची पाहिली, पंखा पाहिला आणि लिहून नेलं."

"तुमच्याकडे खुर्ची कुठली?"

"शेजारची. पंखाही त्यांचाच. बाई भर उन्हातून आलेल्या, त्यांना जमिनीवर कसं बसवायचं?"

"मग सांगायचं ना, हे आमचं नाही म्हणून."

"दारात आलेल्या माणसाला बसवायचं आणि वर म्हणायचं, ही मागून आणलीय? जीभ नाही रेटली गं."

"आणि भाऊजींच्या गोळ्या?"

"एक दिवसाआड देते. डॉक्टरांनीच तसं सांगितलंय, असं म्हटलंय त्यांना."

रांग एक पाऊल पुढे सरकली. बाई मात्र होत्या तिथेच राहिल्या.

"तुमचा फॉर्म मीच भरला होता," त्या म्हणाल्या. दोघी वळल्या. "न विचारताच खुणा केल्या मी. चूक माझी आहे, तसं कार्यालयात लिहून देते."

थोरली त्यांच्याजवळ सरकली.

"लिहून द्याल हो," ती हळूच म्हणाली, "पण तुमच्या नोकरीवर नाही ना येणार काही?"