ताईंनी पाडलेली भिंत

अरे, आमच्या घरची मोठी माणसं मोबाईल घ्यायला सगळी दुकानं पालथी घालतात आणि घर बांधायला मात्र नात्यातला माणूस शोधतात. पप्पांनी काम मामाला द्यायचं ठरवलंच होतं. मामाची स्वतःची गच्ची गळते! शेवटी मी भांडून पप्पांना सावेडीतल्या एका इंजिनिअर ताईंच्या चालू कामावर नेलं.

तिथली घरमालकीण म्हातारी पप्पांना म्हणाली, "लई खडूस बाई हाय. जराशी वाकडी दिसली म्हनून बांधलेली भिंत पाडली."

पप्पा माझ्यावर खेकसले, "चल घरी!"

म्हातारी हसली. "बांधनारा तिचाच सख्खा भाऊ हुता. त्यालाच परत बांधायला लावली."

पप्पा थेट पलीकडे काम बघत उभ्या असलेल्या ताईंकडे गेले. म्हणाले, "मॅडम, आमची भिंत कधी पाडायला येताय?"