तेरा दिवस कुलूप

—ती खुर्ची नको हो, तिचा एक पाय माझ्यासारखा आहे, नुसता हुद्द्यावर उभा. ही घ्या. बसा अशोकराव. चहा सांगितलाय, पुण्याच्या मानाने जरा गोडच लागेल — इकडे साखर कमी पडली की लोकांना वाटतं घरधनी रुसलाय. तर काय म्हणत होतो — हा रिपोर्ट. मी टाइप करवूनच ठेवलाय, तुम्हाला कशाला त्रास? हे कॉम्प्युटरचं मशीन तुमच्या कंपनीचं, तुम्ही येऊन तपासलं, मशीन ठणठणीत, डिस्क ठणठणीत, सगळा घोटाळा ऑपरेटर कुमारी कल्पना यांच्या हातून झाला, आणि ही खाली तुमची सही. तुम्ही सुटलात, मी सुटलो, अडीचच्या बसने इंदूर आणि पुढे पुणं. — वाचता काय एवढं? तो कागद वाचायचा नाहीये भिया, सही करायचा आहे.

बरं, झालं काय ते माझ्याकडूनच ऐका, बाहेर दहा तऱ्हेने सांगतील. मंगळवारी स्टोअर्सच्या शालिग्रामने बेअरिंगची यादी छापून मागितली. छापली. सातव्या ओळीवर काय? ‘गणोजी, फिटर, दुसरी पाळी — शिल्लक एक नग.’ आणि तिकडे टाइम ऑफिसमध्ये हजेरीचा कागद निघाला, त्यात बेचाळीस फॅनबेल्ट हजर, गैरहजर कोणी नाही! या कारखान्यात इतकी चांगली हजेरी आजवर लागली नव्हती. आता सभ्य माणूस असता तर यादी घेऊन आधी माझ्याकडे, कॉम्प्युटर खात्याच्या प्रमुखाकडे, आला असता. शालिग्राम गेला सरळ जनरल मॅनेजरकडे. जाणारच — धाकट्या पातीचा ना तो! तुम्ही हसता, पण तुम्हाला ठाऊक नाही, या एवढ्याशा देवासात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, रस्त्याच्या या कडेला एकाचा अंमल, त्या कडेला दुसऱ्याचा. राज्यं जाऊन चाळीस वर्षं होत आली, पण आम्ही थोरल्या पातीचे म्हणून हा शालिग्राम अजून मला एका हाताने नमस्कार करतो. मीही मग मान हलवतो, हात नाही. एकोणीसशे सत्त्याऐंशी साल चाललंय, सच्ची सांगतो.

जनरल मॅनेजर म्हणाले, उदाजीराव, फिटर बेअरिंगमध्ये कसा शिरला? आता त्यांना डिस्क काय समजावणार — त्यांना वाटतं ते कपाट आहे, एसीतलं. म्हटलं साहेब, नेमावरची धर्मशाळा डोळ्यांपुढे आणा. खोल्या मोजक्या. मुनीमजीजवळ रिकाम्या खोल्यांची यादी. यात्रेकरू आला की यादीतली पहिली खोली त्याची, नाव कटलं. तो गेला की खोली पुन्हा यादीत. डिस्क एवढीच हो! फाइल म्हणजे यात्रेकरू. आणि एकच खोली यादीत दोनदा लिहिली गेली तर? अमावास्येला दोन बिऱ्हाडं एकाच खोलीत, याच्या चुलीवर त्याचं पातेलं. तेच झालं — एक खोली हजेरीला दिली, तीच स्टोअर्सला. साहेबांना इतकं पटलं की त्यांनी पुढचं विचारलंच नाही. — काय? यादीत दोनदा कशी लिहिली गेली? हं. तुम्ही मात्र विचारणार. पुण्याचे ना.

आमच्या कल्पनाबाईंनीही हेच विचारलं. कन्नौदची मुलगी, मराठी घरातली, पण शाळा सगळी हिंदी, मराठी वाचायला दिलं तर तोंडाला फेस येतो. अकरा महिने झालेत, पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हायची होती. घरी आई आणि शिकणारा भाऊ, सगळं हिच्यावर. मला म्हणते, ‘सर, डिस्क फुल बोलून राहिली आहे पण आर्ध्या खोल्या तर खाली आहेत.’ म्हटलं, बाई, खाली नाहीत, बंद आहेत. त्या तेरा दिवस बंदच राहतात, तसा नियम आहे. मग ही चार दिवस डबा न खाता टेबलाशी बसून एक एक आकडा पेन्सिलने उतरवत राहिली, आणि शनिवारी माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली — हिंदीत — ‘एक ही जगह दो बार खाली लिखी जा रही है, जब-जब लाइट जाती है.’ शनिवारी हो. शालिग्रामचा तमाशा त्यानंतरच्या मंगळवारचा. आणि बरोबर होतं तिचं. — म्हणजे, बरोबर असावं, असं आपलं म्हणतो मी.

आता उलगडतोच, तसाही तुमचा हात त्या लिस्टिंगवर, प्रोग्रामच्या छापील कागदांवर, गेलाच आहे. फाइल पुसली की तिची खोली मी लगेच यादीत घालत नाही. कुलूप. तेरा दिवसांनी आपोआप यादीत. कुणी रडत आला की पुसायची नव्हती, तर आत सामान असतं, परत देता येतं — चांगली सोय आहे की नाही? पण लाइट गेली — आणि इथे लाइट जाते, राहते हा अपवाद — की मशीन पुन्हा चालू होताना तुमचा चौकीदार — तुमच्या कंपनीचा तपासणीचा प्रोग्राम हो — फेरी मारतो. त्याला दिसतं, या खोलीत कोणी नाही, हिला कुलूप कसलं? तोडतो, आणि टाकतो यादीत. एकदा लिहिली. तेरा दिवस भरले की माझा नियम ती पुन्हा टाकतो. दोनदा लिहिली. चौकीदाराला कुलपाचं सांगायला हवं होतं, चार ओळींचं काम. तिने त्या चार ओळी पण लिहून आणल्या होत्या, चिठ्ठीच्या पाठीवर. मी म्हटलं, ठेव, बघतो. — माझा नियम म्हणालो का मी? म्हणजे, खात्याचा.

हो, त्या नियमापुढची ती आद्याक्षरं माझीच. तुमच्या आधीचा इंजिनियर सोर्सची, म्हणजे मूळ प्रोग्रामची, टेप ठेवून गेला होता, शिकलो, घातली त्यात चार अक्षरं. पन्नाशीनंतर शिकलो, हां! दसऱ्याला मशीनला हार घालताना साहेब म्हणाले होते, उदाजीराव, तुम्ही नसता तर हे देवासात चाललं नसतं. ते वाक्य घरी सगळ्यांना पाठ आहे. आता तेच साहेब ऐकणार, ते उदाजीरावांमुळेच चालत नाही? आणि शालिग्राम ऐकणार? एका हाताचा नमस्कार पण बंद होईल. म्हणून मंगळवारी संध्याकाळी हिचं नाव सांगितलं. नवीन आहे, पोरसवदा आहे, हातून चुकलं. काल तिला कामावरून काढल्याचा कागद दिला. रडली नाही, तेवढं बरं झालं. फक्त म्हणाली, ‘सर, माझी चिठ्ठी तुमच्याजवळच आहे ना?’ म्हटलं, आहे.

तेराच का? अहो, माणूस गेल्यावर किती दिवस असतात? मी पंधरा वर्षांचा होतो. आमचे तीर्थरूप कचेरीत होते, नुकत्याच दोन्ही पाती विलीन झालेल्या. सकाळी गेले, छातीत कळ आली आणि गेले. तिसऱ्या दिवशी त्यांची दौत आणि चष्मा आणायला मला पाठवलं — तर त्यांच्या गादीवर दुसरा बसलेला. तिसऱ्या दिवशी! घरात अजून दिवा जळत होता. त्याने वर न बघता विचारलं, ‘कुणाचं सामान?’ चष्मा खिडकीत ठेवलेला, दौत सांडून टाकलेली. वाईट वाटलं हो, आजही वाटतं. म्हणून माझ्या मशीनमध्ये जाणाऱ्याची जागा तेरा दिवस कुणाला मिळत नाही. हसा, हसा. यंत्राला सुतक लावणारा माणूस तुम्हाला पुण्यात भेटायचा नाही.

चिठ्ठी? नाही, माझ्याजवळ नाहीये, मी तिलाच परत — तिच्या ड्रॉवरमध्ये होती वाटतं, त्या आकड्यांच्या वहीत. बघायचंय? आता नाही मिळणार. ड्रॉवर रिकामं केलं. अहो, ती काल सहाला गेली, आज सकाळी आठला टाइम ऑफिसचा सुभाष बसवला मी तिथे, टेबल उगाच कशाला अडवून —

…

चहा निवला तुमचा.

तिची बाटली आणि रुमाल खिडकीत ठेवलाय. म्हणजे सुभाषने ठेवला असेल. मी काही सांगितलं नव्हतं.

असे बघू नका. उठा. बस चुकेल तुमची. सही नको — कागद इथेच राहू द्या. ती नावाची ओळ आहे ना, तेवढं तिचं नाव खोडून ठेवा. पेन आहे माझ्याजवळ, पुढचं मी लिहितो. जा तुम्ही. आणि जाताना दार ओढून घ्या, मशीनला गरम होतं.