तारबमधली चकली

अनिल : म्हणजे वीस दिरहॅम, साडेचारशे रुपये खर्चून तू माझ्या बॉसच्या बायकोचा भर लग्नात अपमान केलास?

समिधा : अहो, मी गाणारीला नोट दिली. वहिनींना हातसुद्धा लावला नाही.

अनिल : अरुणसरांचा फोन होता. मनोरमावहिनी सकाळपासून रडतायत. आठव्या मजल्यावरच्या झुहूराबाईंच्या मुलीचं लग्न, बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका हजर, आणि तू...

समिधा : मी पेटीला भुलले हो. तारब म्हणतात त्या गाण्याला. माणसं झांझिबारची, भाषा स्वाहिली, तारांचं वाद्य अरबांचं आणि मध्येच आपली पेटी, तबला! शिवाय आमच्या देवरुखच्या बँजो पार्टीत असतो ना, बटणांचा बँजो, तोसुद्धा. राहवेना. उठले, नाचत गेले, नोट दिली. सगळ्याच देत होत्या.

रिद्धी : आई, नो! तारबमध्ये असं रँडम नाही उठत. ज्या ओळीला उठतेस, ती ओळ तू कोणाला तरी सुनावतेस. इट्स लाइक... टॅग करणं.

समिधा : आणि मी गेले ती नेमकी वहिनींच्या खुर्चीपुढून.

रिद्धी : गेलीस? थांबून गिरकी घेतलीस! सगळा हॉल ओरडला.

समिधा : मला वाटलं, माझ्या नाचाला.

अनिल : ओळ तरी काय होती?

रिद्धी : झुहूरा आंटीनं आज सकाळी मला नि वहिनींना अर्थ सांगितला. "वाढणारी मिरवतेय, रांधणारीचं नाव सांगा."

(समिधा हसू लागते. थांबत नाही.)

अनिल : हसू नकोस. आज संध्याकाळी पुन्हा गाणं आहे ना? जा, सॉरी म्हण, खलास. अर्थ माहीत नव्हता म्हण.

समिधा : म्हणेन. खरंच नव्हता. पण मला सांगा, दिवाळीत अरुणसरांनी ऑफिसात चकल्या वाटल्या, त्या कोणाच्या हातच्या म्हणून?

अनिल : ...वहिनींच्या.

समिधा : तळल्या कोणी?

अनिल : तू.

समिधा : आणि तुम्ही काय म्हणालात?

अनिल : छान झाल्यात म्हणालो. अगं, अप्रेझल होतं!

समिधा : ते दरवर्षी असतं. आपल्या मराठी मंडळाच्या फराळाला हात माझे, स्टेजवर पैठणी त्यांची. जाते आज, माफी मागते. आणि मग गाणारीला सांगते, बाई, तीच ओळ पुन्हा घ्या. आता अर्थ माहीत आहे.

रिद्धी : आई! सॅव्हेज!

अनिल : वेडी आहेस का? त्या समोरच बसलेल्या असतील.

समिधा : बरंच की. लांब बसल्या तर ऐकू नाही यायचं. चला, नोट काढा.

अनिल : समिधा...

समिधा : काढताय, की मी माझी घेऊ?

अनिल : वीसची नाहीये. पन्नासची चालेल?