टिओचं जॅकेट धुवायचं नाही

ठेव ते खाली. ठेव म्हटलं ना, पोरी! बघायला दिलंय, पिशवीत कोंबायला नाही. काय म्हणालीस — धुऊन काचेच्या पेटीत? धुऊन? अगं, सिनेमाच्या म्युझियमची ना तू? शूटिंग संपेपर्यंत कपडा धुवायचा नसतो! या शॉटमध्ये डाग आहे अन् पुढच्यात गायब — चालतं होय? हे मला, मर्ल गॅरेजवाल्याला, टिओनं शिकवलं, अन् आता मी तुला शिकवतोय — कपाळ माझं!

डाग माझ्या हातच्या घेवड्याच्या रश्श्याचा. सांडला कोणी? टिओनंच. बस, सांगतो. एक्याण्णव साल. टिओ नट, रेनी नट अन् दिग्दर्शकही — जोडीच होती त्यांची, लपवाछपवी नाही. दुसऱ्यांच्या सिनेमांतून उरलेले कोऱ्या फिल्मचे तुकडे घेऊन या वाळवंटात आलेले. परवानगी नाही, पैसा नाही, अन् गाडी बंद पडली ती माझ्याच दारात. टिओला एड्स. तेव्हा लोक अशांचा कप फेकून द्यायचे. मी त्याच्याच कपातून कॉफी प्यायलो — मोठेपणा कसला, दुसरा कप फुटलेला!

तर सिनेमाच्या शेवटाचा शॉट — दोघं प्रेमी गाडीतून निघून जातात — अन् टिओच्या पायात ब्रेक दाबायचं बळ नाही. चढवलं हे जॅकेट माझ्या अंगात, त्याची टोपी डोक्यावर, बसवलं मला स्टिअरिंगवर! "पाठमोरा कोण ओळखतोय?" म्हणे. त्यांच्याबरोबर आलेली कॅमेरावाली माझ्या गॅरेजच्या पत्र्यावर, रेनी माझ्या शेजारी, अन् टिओ मागच्या सीटवर घोंगडीखाली आडवा — तिथून ओरडतोय, "खांदे सैल सोड, टोणग्या! प्रियकर आहेस तू, बंद ट्रक ओढून नेत नाहीयेस!" हसता हसता गाडी नागमोडी! अन् मुक्याचं मला कुणी बोललंच नव्हतं. रेनी वळला अन् घेतला! फिल्म उरलेली चिमूटभर, शॉट पुन्हा घ्यायची सोयच नाही. मी काय केलं? गाडी रस्त्यावर ठेवली, आणखी काय!

सिनेमा बघताना तिथंच रडतात म्हणे लोक — प्रियकराची मान कशी हळूच वर होते. हॅ! आरशात बघत होतो मी. आरशात टिओ — घोंगडीतून डोकं काढून, डोळे पुसत, पोट धरून हसणारा. मुका रेनीचा, पण मी आपला त्या आरशातल्या... असो. ते लिहून घेऊ नकोस. खोड ते.

निघताना जॅकेट परत देत होतो, तर म्हणाला, "राहू दे, मर्ल. एक शॉट बाकी आहे. मी येईपर्यंत धुवू नकोस." मग हिवाळ्यात रेनी आला, एकटाच. डागावरून बोट फिरवलं. मागितलं नाही त्यानं. त्याला कळतं.

आता तू का असं बघतेस? टिओ गेला ते मला माहीत नाही असं वाटतंय? माहीत आहे. शॉट बाकी आहे, एवढंच म्हणतोय मी.

आण इकडे. खुंटीवर मीच टांगतो. तुझं मागचं टायर बसलंय, पंप त्या कोपऱ्यात आहे. हवा भर अन् नीघ. दार ओढून घे — धूळ बसते त्याच्यावर.