खाऱ्या पाण्याचं गाळणं

वाटूरला कीर्तनाला निघालेल्या रजनीताईंचे कान बसस्टँडवर शेजारी बसलेल्या मारवाडी जैन आजी-नातवाकडे लागले होते.

"दादी, समुद्राचे मासे पाळू दे ना. काचेच्या टाकीखाली दुसरी टाकी बसवतो. वरचं पाणी कापडातून गळून खाली येतं, पंपानं परत वर जातं."

"गाळून घेतो ते बराबर. मंग कापडात अडकलेले बारीक जीव?"

"कापड नळाखाली धुवायचं."

"खाऱ्यातले जीव गोड्या पाण्यात मारतो? मंग न्हाई आणायचे मासे."

वाटूरची बस लागली, पण रजनीताई उठल्या नाहीत.

"दादी, विहिरीचं पाणी गाळल्यावर तू कापड विहिरीतच उलटं करायचीस ना?"

"करायचे."

"मी पण खालच्या टाकीतच उलटं करीन. रोज सकाळी."

"सकाळी मी करीन. तू नऊपर्यंत उठत न्हाईस."